पाणी नसलेलं घर

माझा बाप पहिल्यांदा हरवला तेव्हा आम्ही त्याला ऊर्जानगरच्या बाजारात शोधलं, देवळात शोधलं, कंपनीच्या बसथांब्यावर शोधलं. तो सापडला राखेच्या तलावावर. वीज केंद्रातली राख पाण्यात कालवून जिथे सोडतात ती जागा आमच्या क्वार्टरपासून बरीच लांब आहे, पण सकाळच्या उन्हात दुरून पाहिली तर कोणालाही तलावच वाटेल. बा काठावर उभा होता. धोतर वर खोचलेलं आणि खांद्यावर आमची मच्छरदाणी, फेकायच्या जाळ्यासारखी घडी घालून. शिफ्ट सुटलेल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला बाइकवर बसवून घरी आणलं. दारात उतरल्यावर बा मला म्हणाला, "पानी मेलं हाये इथलं. एक बी मासा नाई."

मी आधी हसले. मग त्याच्या धोतराला कमरेपर्यंत लागलेली राखेची ओल दिसली. म्हणजे तो नुसता काठावर उभा नव्हता, आत उतरून आला होता. त्या गाळात म्हैस रुतली तरी निघत नाही असं सगळे सांगायचे. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही नागभीडकडचे ढिवर, पिढ्यान्पिढ्या मासे धरणारे. गावाला धानाच्या बांध्या आणि मधोमध मोठा तलाव. माझ्या बापाचं सगळं आयुष्य त्या तलावात गेलं. उजाडायच्या आत डोंगा घेऊन तो पाण्यावर, आणि ऊन चढता चढता परत. माय होती तोवर त्याचं विसरणं तिने पदराआड झाकलं. तो जेवला की नाही, आंघोळ झाली की नाही, हे त्याच्या वतीने तीच सांगायची, आणि आम्हाला वाटायचं की म्हातारा पहिल्यापासूनच कमी बोलतो. माय गेली आणि सगळं उघडं पडलं. भाऊ आलापल्लीला लाकडाच्या डेपोवर नोकरीला, महिन्यातले अर्धे दिवस जंगलात. त्याची बायको दोन लहान लेकरं घेऊन एकटी. म्हणून बा माझ्याकडे आला. लेकीच्या घरचं अन्न बापाच्या तोंडी, म्हणून गाव बोललंच. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. मी तर हातही धरला नसता, एखादी लगावूनच दिली असती. माझा स्वभावच तसा आहे.

नागपूरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की हे गेलेलं परत येत नाही, पुढे पुढेच जाणार. एकटं सोडू नका, आणि पाण्यापासून दूर ठेवा. ढिवराला पाण्यापासून दूर ठेवा म्हणणं त्यांना सोपं होतं.

आम्ही दाराला कुलूप लावू लागलो. पहाट झाली की बा आतून दारावर थापा मारायचा. सगळे तलावावर गेले, मलाच काऊन कोंडलं, असं म्हणत म्हणत शेवटी दाराला डोकं टेकून उभा राहायचा. शेजारपाजारचे काही बोलत नसत, पण खिडक्या उघडायच्या. माझा नवरा शांत माणूस. तिन्ही शिफ्टा करून करून त्याचा राग झोपेतच जिरून जायचा. एकदा नाईटवरून आल्यावर तो मागचं दार लावायला विसरला, आणि बा परत राखेच्या तलावावर गेला. या वेळी त्याला दोर टाकून ओढून काढावं लागलं. पुढचे कितीतरी दिवस तो तापात होता, आणि त्या तापात हातानेच डोंगा हाकत होता. ताप उतरल्यावर नवरा म्हणाला की एखादं चांगलं घर पाहू, जिथे अशा माणसांना सांभाळतात. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच चौकशी सुरू केली.

माय आठवडी बाजारात मासळी विकायची. ती म्हणायची, मासा घेताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, माशाचं गलफड उघडून पाहावं. मी तेच केलं. संस्थेची माणसं काय बोलतात ते ऐकून घ्यायचं, चहा प्यायचा, आणि मग सरळ म्हाताऱ्यांच्या पायाची नखं पाहायची. संडास पाहायचा. सांभाळणारी बाई खोलीत शिरली की म्हातारे मान वर करतात की खाली घालतात, तेवढं पाहायचं.

पहिली जागा मोठी होती. फरशी लखलखीत, भिंतीवर सुविचार, भजनाला पेटी-तबला. सोबत फिरवणारे गृहस्थ इतकं गोड बोलत होते की माझ्या नवऱ्याने मनातल्या मनात हो म्हणूनही टाकलं असेल. मी एका खाटेशी वाकले. त्या आजोबांच्या पायाची नखं वळून मांसात शिरली होती. मी उठले आणि बसस्टँडचा रस्ता धरला. नवरा मागून चपला फटफटवत आला, म्हणाला निदान निरोप तरी घ्यायचा होता.

दुसरी जागा नागभीडच्याच बाजूला होती, आणि ती अजूनही माझ्या स्वप्नात येते. एका विधवा बाईने आपल्या राहत्या घरात चार-पाच म्हातारी माणसं ठेवली होती. अंगण शेणाने सारवलेलं, चुलीवर लाखोळीची डाळ शिजत होती, आणि घराच्या मागे, कुंपणाला लागूनच, तलाव. आम्ही बाला सोबत नेलं होतं. त्याला वास आला. मला खात्री आहे, पाणी दिसायच्या आधी त्याला वास आला. त्याची पाठ सरळ झाली. तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "हवा खालून हाये. आज मरळ वर येत नाई, झिंगे भेटतीन." कितीतरी महिन्यांनी तो पूर्ण वाक्य बोलला होता. चेहरा असा झाला होता की तो पाहायला माय हवी होती.

बाई मनाने चांगली होती. नखंही कापलेली होती. तिने मला बाजूला नेऊन विचारलं, हे उतरतीन का पान्यात? मी म्हटलं, उतरतीन. ती म्हणाली, मी एकटी हावो, रात्रंदिवस कुंपणावर डोळा ठेवू शकत नाई. पण तुमी म्हनसान तर ठेवतो. तिने ते माझ्यावर सोडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालं माझं. तिथे ठेवलं तर तो सुखात राहील आणि एका सकाळी बुडून जाईल. नाही ठेवलं तर जिवंत राहील, पण कसा? परतताना बा बसमध्ये चढेना. नवरा आणि कंडक्टर यांनी मिळून त्याला चढवलं, आणि तो खिडकीतून मागे पाहत राहिला. मी नाही म्हणून आले होते.

त्यानंतर मी पाणी नसलेलं घर शोधू लागले. विहीर नको, टाकं नको, जवळून नाला नको. दुसऱ्यांच्या बापाला लोक चांगली हवा शोधतात, देऊळ जवळ आहे का पाहतात. मी माझ्या बापाला कोरडी जागा शोधत फिरत होते.

ती चंद्रपुरात सापडली, जुन्या वस्तीतल्या एका बोळात. निवृत्त झालेल्या एका नर्सबाईने आपल्या घराच्या खालच्या मजल्यावर सहा म्हातारी माणसं ठेवली होती, सगळी अशीच, विसरलेली. फाटकाची कडी बाहेरून. पाणी नळाचं. अंगणात सिमेंट, आणि एका कोपऱ्यात तुळस, तीही डब्यात. मी नखं पाहिली, संडास पाहिला. नर्सबाई फटकळ होती, मला म्हणाली, माझ्या तोंडात पण पाहायचं आहे का? मला ती आवडली. पण बाला काहीच आवडलं नाही. तो अंगणात बसला, पाठ भिंतीला, आणि जमिनीकडे पाहत राहिला. हे घर नाही, हा कोंडवाडा आहे, असं माझ्या मनात येत होतं.

नर्सबाईने म्हाताऱ्यांपुढे वालाच्या शेंगा सोलायला टाकल्या होत्या. सोलून झालेले दाणे परातीत होते. बाने परात ओढली आणि फरशीवर दाण्यांचे ढीग लावू लागला. एका ढिगातून चार उचलायचे, दुसऱ्यात टाकायचे, मान तिरपी करून पाहायचं. नर्सबाईने विचारलं हे काय चाललंय. मी सांगितलं की ते वाटे घालत आहेत. आमच्याकडे तलावावरून आलं की सगळी मासळी काठावर ओततात, आणि जितके जण पाण्यात उतरले तितके ढीग करतात. मग एकाला पाठ करून बसवतात. ढिगावर हात ठेवून विचारायचं, हा कोणाचा? पाठ केलेला एकेक नाव घेतो, आणि ज्याचं नाव आलं त्याचा तो ढीग. म्हणजे कोणी कोणाला चांगला वाटा दिला असं होत नाही. माझ्या बापाने जन्मभर गावाचे वाटे घातले, कारण त्याच्या हातावर सगळ्यांचा विश्वास होता.

मी हे सांगत होते तेवढ्यात समोरची एक म्हातारी, जिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं, ती बसल्या जागी वळली आणि माझ्या बाच्याकडे पाठ करून बसली. कोणीही तिला सांगितलं नव्हतं. बाने पहिल्या ढिगावर हात ठेवला. "हा कोनाचा?" म्हातारीने कोणाचं तरी नाव घेतलं. तिच्या गावचं असेल. बाने मान डोलावली, आणि दुसऱ्या ढिगावर हात ठेवला.

मी नर्सबाईला म्हटलं, उद्या सामान घेऊन येते.

सोडून आले त्या दिवशी ऊर्जानगरच्या बसमध्ये मी तोंडात पदर कोंबून बसले होते. घरी मच्छरदाणी पाहिली आणि ती मोरीत भिजवली, धुतली, तरी राखेचा रंग गेला नाही. लोकांनी आश्रमात टाकलं म्हणायचं ते म्हटलंच. भावाने फोनवर विचारलं, त्याले बरं हाये नं तिथी? मी त्याला तिथल्या कापलेल्या नखांचं सांगितलं.

दर रविवारी मी जायची. आधी आधी तो माझा हात धरायचा. मग नुसता हसायचा, जसं पाहुण्याला हसतात. पण अंगावर मांस चढलं होतं, पहाटे थापा मारणं थांबलं होतं. नर्सबाई म्हणायची की रोज सकाळी त्यांना काहीतरी वाटायला द्यावं लागतं, शेंगा, मुरमुरे, चिंचोके, काहीही. ते वाटून झालं की दिवस शांत जातो. मला हायसं वाटायचं आणि राग यायचा. आपल्या बापाला दुसऱ्याच्या अंगणात बरं वाटतं, याचा राग कोणावर काढायचा ते कळायचं नाही.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, लेकी-जावई येतात, रात्रभर दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ चालतो. मी ठरवलं की बाला मंडईला गावी न्यायचं. त्याला तलावाच्या बांधावर, पाळीवर उभं करायचं, मी एक हात धरणार, भाऊ दुसरा, आणि तो आपला तलाव पाहील. एकदा डोळे भरून. एवढंच मला त्याला परत द्यायचं होतं. नवऱ्याने जीप ठरवली. मी नवं धोतर घेतलं.

फाटक उघडून आत गेले तर बा अंगणात वाटेच घालत होता, मुरमुऱ्यांचे. पाठ करून बसणारी म्हातारी तापाने आत झोपली होती. मी जवळ बसले आणि म्हटलं, "बा, चाल. मंडईले जाऊ. तलाव पाहू आपला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "वाटे बाकी हायेत अजून." मग जरा संकोचून म्हणाला, "बाई, तुमी पाठ करता का जरासक?"

मी पाठ करून बसले. समोर फाटक होतं, फाटकाबाहेर जीप, आणि जीपला टेकून नवरा उभा होता. मागून आवाज आला, "हा कोनाचा?" मी गावातल्या एका म्हाताऱ्याचं नाव घेतलं, बाचा जुना जोडीदार, वारलेला. "बरोबर." दुसरा? मी दुसरं नाव घेतलं. मग भावाचं घेतलं. मग मायचं. त्यालाही तो म्हणाला, बरोबर. मी वळून ढीग पाहिले नव्हते, पण मला वाटलं आता संपले असतील. तेव्हा तो परत म्हणाला, "अन् हा?"

मी म्हटलं, "तुमच्या पोरीचा."

त्याने तो ढीग जरा बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हो. तिचा रोज काढून ठेवतो. येतच नाई ते पोरगी."

मी वळू शकले नाही. मी त्याच्या हाताएवढ्या अंतरावर बसले होते, दर रविवारी तिथेच बसायची. मी फाटकाकडे पाहत म्हटलं, "मी तिच्याच घराकडे चालली. माझ्याजवळ द्या, नेऊन देतो तिले."

"नाई बाई," बा म्हणाला, अगदी मऊ आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून. "ज्याचा वाटा त्याच्याच हातात द्या लागते. तिले म्हना, येऊन घेऊन जाय."