खोबरेल घातलेला ट्रंपेट

धोंडीरामचा जुना ट्रंपेट बँडच्याच टेंपोखाली चेपला आणि पुढच्या रांगेतला माणूस एका दिवसात मागं गेला. बँडच्या आकाराम मास्तरांनी त्याला काढलं नाही, पण हातात खुळखुळा दिला. ज्याच्या फुंकीवर वराती नाचायच्या, तो आता मागं उभा राहून खुळखुळा हलवू लागला, आणि वर तोंड हसरं ठेवावं लागायचं. बिद्रीच्या लग्नापर्यंत वाद्य आलं नाही तर मिरजेचा माणूस घेणार, हे मास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं.

लेक सोनम राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नुकतीच नोकरीला लागली होती. तिनं इंटरनेटवर हुडकून स्वस्तातला एक ट्रंपेट पहिल्या पगारातून मागवला, आणि मागवल्यावर बापाला सांगितलं. धोंडीरामनं कपाळाला हात लावला. बँडवाला वाद्य घेतो ते दुकानात उभं राहून, गाल दुखेपर्यंत फुंकून. फोटो बघून ट्रंपेट घेणं म्हणजे धार न काढता म्हैस घेणं, असं म्हणून बँडमधल्या मंडळींनी त्याची यथेच्छ टिंगल केली. त्यानंही दात काढले, करतो काय.

पार्सल आलं. पितळ पातळ होतं, पण आवाज मोकळा होता. फक्त बटणं जड जात होती. बायकोला, शालनला, हे बघवेना. तिनं शिलाई मशीनला घालावं तसं बटणांत खोबरेल तेल सोडलं आणि बटणं लोण्यासारखी चालू लागली. धोंडीरामनं एक जुनी चाल वाजवली तेव्हा माय-लेकी दोघी दारात उभ्या होत्या. आपल्यासारखा नशीबवान माणूस अख्ख्या कोल्हापुरात नसेल, असं त्याला त्या घटकेला मनापासून वाटलं.

बिद्रीला पोचले तेव्हा मार्गशीर्षातली सकाळ कडाक्याची होती. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघायचा होता. मास्तरांनी खूण केली, धोंडीरामनं ट्रंपेट ओठाला लावला आणि बटणं दाबली. एकही हललं नाही. एकच लांबलचक सूर निघाला.

"कारखान्याचा भोंगा झाला की," कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुळखुळ्याकडं बोट केलं.

बँड का थांबला म्हणून नवरदेवाची आई झुंबरबाई बाहेर आल्या. धोंडीरामच्या हातातलं वाद्य घेऊन त्यांनी सरळ नाकाला लावलं.

"खोबरेल घातलंय व्हय ह्यात? गोठलंय की ते. थंडीत आमची बाटलीबी बंबापाशी ठेवायला लागती."

नवरदेवाच्या अंघोळीचा बंब अजून पेटता होता. धोंडीराम अंगणाच्या कडेलाच घुटमळला. परक्याच्या घरात, तेही शुभकार्याच्या दिवशी, बंबापर्यंत जायची त्याला सवय नव्हती.

"पावणं, बसा हितं. नवरदेव थांबंल," झुंबरबाई म्हणाल्या, आणि पाट सरकवून स्वतः गरम पाणी ओतायला बसल्या.

घोड्यावरचा नवरदेव कुडकुडत थांबला. तेल वितळून वाहून गेलं, त्याच्याबरोबर आतला नवेपणाचा चिकटाही गेला आणि बटणं सुटली. मग धोंडीराम असा वाजला, की मघाशी हसणारेच पुढं होऊन नाचायला लागले. मास्तरांनी खुळखुळा उचलून टेंपोत टाकला. वाजवता वाजवता धोंडीरामचे डोळे भरून येत होते. लेकीचा पगार, त्या माउलीचं पाणी, कुणाकुणाचे उपकार मानायचे ते त्याला सुचेना.

संध्याकाळी घरी आल्यावर शालननं पहिलं विचारलं, "तेल कामी आलं न्हवं?"

सोनमसुद्धा उत्तराकडं कान लावून होती.

"तुझ्या तेलाबिगर वाजलाच नसता," धोंडीराम म्हणाला.

शालन खूश झाली. तेव्हापासून थंडीतल्या प्रत्येक सुपारीच्या आदल्या दिवशी ती आठवणीनं बटणांत खोबरेल सोडते. आणि धोंडीराम सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, गरम पाण्यानं ट्रंपेट गुपचूप धुऊन मगच कामावर जातो.