वहिनींना राइड नको

विजूवहिनी गेल्या, त्याला आता दीड महिना होईल. अण्णांचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी कणीक मळत होते. "मीना, विजू गेली गं," एवढंच म्हणाले... दिवाळीत आजार कळला आणि जानेवारीत सगळं संपलं. संध्याकाळी मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या त्यांच्या घरी ओळखीची माणसं जमली. जो येई तो बर्फाचे बूट काढता काढता एकच वाक्य म्हणे, "वहिनींनी कधी कुणाला त्रास दिला नाही हो." चार-पाच वेळा ऐकल्यावर मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात निघून गेले. रडू तर येत होतंच, पण रागही येत होता. त्रास दिला नाही कसा? शेवटची काही वर्षं चांगला भरपूर दिला. आणि आपल्या जावेनं लोकांना त्रास दिला याचा अभिमान वाटणारी मी बहुधा एकटीच असेन.

त्याआधीच्या वहिनी मात्र खरंच त्या वाक्यातल्यासारख्या होत्या. लग्न होऊन त्या पुण्याहून थेट मिशिगनला आल्या, आणि आमचं हे गाव असं की कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. अण्णा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. गाडीवर धूळ दिसली तर ज्यांना जेवण गोड लागत नाही, अशांपैकी. त्यांनी हौसेनं वहिनींना ड्रायव्हिंग शिकवायला घेतलं आणि शेजारी बसून इतक्यांदा "ब्रेक, ब्रेक!" म्हणून ओरडले, की परीक्षेच्या दिवशी वहिनी हिरव्या सिग्नललाही ब्रेक मारून मोकळ्या झाल्या. तीनदा नापास झाल्यावर त्यांनी तो नाद सोडला. मग काय, अण्णा कायम कारखान्यात, त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी फोनाफोनी, "विजूला राइड कोण देणार?" गाड्या बनवणाऱ्याची बायको आणि लायसन्स नाही, हा विनोद आमच्याकडे वर्षानुवर्षं पुरला. वहिनीही हसायच्या. पण कुणी, अगदी अण्णासुद्धा, न्यायला येणार असले की त्या कितीतरी आधी तयार होऊन, पर्स हातात धरून दारातल्या पायरीवर उभ्या राहायच्या, अगदी थंडीतही. आपल्यामुळे कुणाला मिनिटभरसुद्धा थांबावं लागू नये म्हणून. मला ते बघवायचं नाही.

काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही पुण्याला निघालो तेव्हा वाटेत कोपनहेगनला एक अख्खा दिवस हातात होता. अण्णा, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी नात रिया आणि मी. आमचे हे सुट्टी नाही म्हणून मागून येणार होते. अण्णांनी शहर दाखवणाऱ्या बसची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. दुपारी बारा वाजता राजवाड्यासमोर पहारा बदलतो तो बघायचा, हा त्यांचा मुख्य कार्यक्रम. स्टेशनातून बाहेर पडलो आणि वहिनी थबकल्याच. समोर सायकली. नजर पोचेल तिथपर्यंत लावून ठेवलेल्या, आणि रस्त्यावरून तर लोंढाच चाललेला... ऑफिसच्या कपड्यातल्या बायका, पुढच्या पेटीत दोन-दोन पोरं बसवलेले बाप, माझ्या वहिनींपेक्षाही म्हाताऱ्या आज्या.

"मी सायकल घेणार," वहिनी म्हणाल्या.

"काहीतरीच काय," अण्णा म्हणाले. "पडलीस तर? हाड मोडलं तर लग्नाला स्ट्रेचरवरून जाणार आहेस का?"

"तुम्ही बसनं या. आम्ही तिथेच भेटू." त्यांच्या संसारात हे वाक्य वहिनींच्या बाजूनं कधी बोललं गेलं नव्हतं. अण्णा बघतच राहिले. मी आणि रिया वहिनींच्या मागे गेलो, थोड्या काळजीनं आणि खरं सांगायचं तर बरीचशी गंमत म्हणून. दुकानातल्या पोराकडून वहिनींनी सीट खाली करून घेतली, ब्रेक दाबून बघितले, घंटी वाजवून बघितली, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि टांग मारली. चढल्या त्या अशा सहज, की मी "सांभाळून" म्हणायचंच विसरले.

आणि पहिल्याच वळणावर त्या डाव्या बाजूला शिरल्या. समोरून सायकलींची रांग येत होती. रिया किंचाळली, "आजी, राँग साइड! यू आर गोइंग द राँग वे!" दोन-तीन जण कसेबसे बाजूनं निसटले. पेटीत पोर बसवलेला एक उंच दाढीवाला थांबला आणि पलीकडची बाजू बोटानं दाखवून निघून गेला. वहिनी खाली उतरल्या. चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, झालं, आता सायकल परत करायची आणि बस शोधायची. तीन परीक्षांनंतरचा तोच चेहरा होता तो.

"अगं मीना," त्या हळूच म्हणाल्या, "एवढी वर्षं अमेरिकेत उजव्या बाजूनं फिरले, पण दुसऱ्यांच्या गाडीत बसून. माझ्या पायांना अजून कॉलेजला जातानाचा पुण्यातला लकडी पूलच माहीत आहे."

त्यांनी मान वर केली, सायकल हातात धरून रस्ता ओलांडला, उजव्या बाजूच्या रांगेत मागून कोण येतंय ते बघितलं आणि पुन्हा टांग मारली. आयुष्यात पाहिलेल्या शूरपणाच्या गोष्टी मला कुणी विचारल्या, तर त्यात मी ही सांगेन.

मग मात्र त्या आवरेनात. पुलावर समोरून भन्नाट वारा आला, तर माझा जीव अर्धा झाला, आणि या पुढे वाकून, दोन वेण्यांच्या कॉलेजकन्यकेसारख्या दामटत होत्या. प्रत्येक कोपऱ्यावर पुणेरी घंटी. तिथले लोक शांत, उगाच घंटी वाजवत नाहीत. ते वळून बघायचे आणि वहिनी त्यांना हसून मान लववायच्या. कालव्याकाठची ती लाल-पिवळी घरं बघितली, आइसक्रीम खाल्लं, आणि राजवाड्याच्या चौकात पोचलो तरी पहारा बदलायला वेळ होता. केसाळ उंच टोप्या घातलेले शिपाई आले, कवायत करून गेले. अण्णांचा पत्ता नाही. त्यांची बस कुठेतरी खोळंबून बसली होती. घामाघूम होऊन ते चौकात आले तेव्हा गर्दी पांगलेली होती. वहिनी सायकलच्या हँडलवर कोपरं टेकून उभ्या. त्यांनी अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "अहो, राइड हवी आहे का?"

रिया हसून हसून खाली बसली. अण्णा आधी चिडले, मग तेही हसले.

परत आल्यावर वहिनींनी सगळ्यात आधी सायकल विकत घेतली, आणि त्रासाला सुरुवात झाली. पहिले काही आठवडे अण्णा गाडीचे दिवे लुकलुकवत त्यांच्या मागून गोगलगाईच्या वेगानं जायचे. एकदा पोलिसानं त्यांनाच अडवलं, या बाईंचा पाठलाग का करताय म्हणून. "आय डोन्ट नो हिम," असं वहिनींनी सांगितल्याचं रिया शपथेवर सांगते. लायब्ररी, देऊळ, इंडियन ग्रोसरी, सगळीकडे वहिनी सायकलवर. गणपतीला पैठणी, पायात स्नीकर्स आणि अंबाड्यावर हेल्मेट. "कशाला त्या विजूवहिनी असं करतात, आम्ही राइड दिली असती ना," असं म्हणत मंडळातल्या बायका खरोखर नाराज झाल्या. वहिनींनी कुणाची समजूत काढली नाही. पर्स घेऊन पायरीवर उभ्या असलेल्या वहिनी मला त्यानंतर कधीच दिसल्या नाहीत.

लायब्ररीतून आल्या की सायकल गराजच्या ऐन मध्यावर लावायच्या. अण्णा रोज कुरकुरत ती भिंतीशी सरकवायचे, मग गाडी आत घ्यायचे. गेल्या ऑक्टोबरात एकदा त्या अशाच आल्या, दम लागला म्हणून आत जाऊन पडल्या, आणि नंतर सायकलवर बसल्याच नाहीत.

परवा मी अण्णांना डबा द्यायला गेले. रात्रभर बर्फ पडलं होतं. गराजचं दार उघडं होतं, आणि अण्णा बाहेर उभ्या असलेल्या गाडीवरचं बर्फ खरवडत होते. आत सायकल, ऐन मध्यावर, वहिनींनी ऑक्टोबरात लावली होती तशीच.

"अण्णा, सायकल जरा बाजूला घेतली तर गाडी आत मावेल की," मी म्हटलं.

"मावेल ना," ते म्हणाले. "पण तिनं आयुष्यभर या गाडीची वाट बघितली. आता गाडी थांबेल बाहेर."