धुऱ्यापलीकडची डवरणी

प्रेमकथा स्पर्धेची जाहिरात मी तीनदा वाचली. शब्दमर्यादा दोन हजार, कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, निवडलेल्या कथा रविवारच्या पुरवणीत छापणार. नियम स्पष्ट असले की मला काम करायला बरं वाटतं. हातात सतरा दिवस होते. रोज दुपारी दीडशे शब्द लिहिले तर चौदा दिवसांत एकवीसशे होत होते. शंभर खोडायला मिळाले असते आणि तीन दिवस हाती उरले असते.

प्रेमाबद्दल मला फार कळतं असं नाही. आमचं लग्न घरच्यांनी ठरवलं, ते चांगलं चाललं, पण त्यात दोन हजार शब्दांचं काही घडलं नाही. मात्र एक गोष्ट मी चार वर्षं पाहत होते.

माझी नणंद नऊ वर्षांपूर्वी विधवा झाली आणि आमच्याकडे राहायला आली. मूलबाळ नाही. तिच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वडिलांच्या जमिनीतलं अडीच एकर तिच्या नावानं करून दिलं. ते शेत ती स्वतःच पाहते. तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एका विधुराचं शेत आहे. त्याची मुलगी लग्न होऊन घाटंजीला गेली, घरी तो एकटाच. कपाशीतलं तण काढायला बैलांचा डवरा चालवतात. धुऱ्याजवळची आपली शेवटची ओळ झाली की डवरा उचलायचा, ही रीत. याचं काम तिथं थांबत नव्हतं. पहिल्या वर्षी त्यानं धुरा ओलांडून नणंदेच्या कपाशीच्या दोन ओळी डवरल्या. दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी आठ, यंदा अकरा. त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. मी मोजत होते.

तेच लिहिलं. कोणी ओळखू नये म्हणून बारा बदल केले. गाव उचलून महागावकडे नेलं, बाईला शिक्षिका केलं, तांबडे बैल पांढरे केले, भाऊ काढूनच टाकला. अडलं ते शेवटाला. तीन प्रकारे लिहून पाहिला. अखेर ती बाई लोकलाजेस्तव त्याला सांगते, तुमचा डवरा तुमच्या धुऱ्यावरच थांबवा. वाचताना माझेच डोळे भरून आले, तेव्हा शेवट जमला असं मी धरलं.

पण दुसऱ्याच्या आयुष्यातून घेतलेलं, त्याला न विचारता छापायला देऊ नये. मुदतीला तीन दिवस असताना मी नणंदेला कथा वाचून दाखवली. ती अंबाडीची भाजी निवडत होती. अकरा ओळींचा उल्लेख आला तशी तिनं मान वर केली.

"अकरा नाही वहिनी, तेरा. मधातल्या तुरीच्या दोन ओळी तुमी मोजल्याच नाही."

माझी मोजदाद सहसा चुकत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे, तीही मोजत होती हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं.

"म्हणजे तुमी ओळखलं बाई?"

"बैल पांढरे केल्यानं का होते? दुसऱ्याचं वावर फुकट डवरनारा गावात एकच हाये."

मी उरलेलं वाचलं. ती भाजी निवडायची थांबली.

"तिनं नाही म्हटलं, हे तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. मले वाटलं."

"तुमाले वाटलं! तो पानठेल्यावर बसून पुरवणी वाचते, पार शब्दकोड्यापर्यंत. हे छापून आलं त का समजन? म्हणन, उत्तर आलं. तोंडानं सांगाची हिंमत नोयती, म्हणून वहिनीकडून लिहून घेतलं."

"मग शेवट बदलतो. तिले हो म्हणाले लावतो."

"वा! म्हणजे माह्यं लगन पेपरात जुळवून राह्यल्या का तुमी? त्यानं अजून विचारलं बी नाही न!" ती हसली. मग भाजीकडे पाहत हळू म्हणाली, "नऊ वर्षं झाले, माह्यासाठी सारेच ठरवून राह्यले वहिनी. हे एक मले ठरवू द्या."

मी वही मिटली. कोणताही शेवट लिहिला तरी तो तिच्या नावानं मी दिलेला जबाब होता. एका चुलीवरचं नऊ वर्षं जेवलो. तुमच्या मनात काय आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विधवेनं नाही म्हणायचं असतं, हे मी धरूनच बसले होते, आणि त्यालाच मी त्याग म्हणून सजवलं होतं.

बुधवारी जेवताना ती भावाला म्हणाली, "भाऊ, धुऱ्यावाल्याले रविवारी जेवाले बोलाव."

"कायले? कोणता सण हाये?"

"सण नाही. मले बोलाचं हाये त्याच्याशी. तू बी बस."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोलवा." त्यानं दोन घास खाल्ले, पाणी प्यायला, आणि विचारलं, "बरं. मंग भाजी कायची करान?"

काल, गुरुवारी, मुदत संपली. सकाळी नवरा यवतमाळला निघाला तेव्हा म्हणाला, पाकीट टाकायचं असेल तर दे. मी नको म्हटलं.

रविवार परवावर आला आहे. ती त्याला काय सांगेल, मला माहीत नाही. मी अंदाजही बांधलेला नाही. चार माणसांचा स्वयंपाक करायचा आहे, एवढं मात्र नक्की.