भव्याच्या लोडरचे दिवे

आमचे हे, विठोजी, होसकोट्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर गाड्यांना लाइट बसवून देतात. घरातले दिवे नव्हेत हो. जेसीबी, लोडर, ट्रॅक्टर, क्रेन असल्या यंत्रांवरचे, कामाच्या उजेडाचे एलईडी लाइट. पार बेंगळुरूच्या इंदिरानगरहूनसुद्धा लोक जीपगाड्या घेऊन येतात यांच्याकडे. आणि आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब महिनाभर फडफडतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो बघायचा असेल तर आमच्या घरी या.

माणूस घरात एकदम घुम्या. दिवसभरात त्यांच्या तोंडून "कॉफी" आणि "सरी", म्हणजे "बरं", एवढं ऐकलं तरी मी स्वतःला भाग्यवान समजते. पण दुकानात गिऱ्हाईक आलं की बघा! परवा माझा चुलतदीर खंडोजी आला, नवा जेसीबी घेतल्याच्या तोऱ्यात.

"अण्णा, सगळ्यांत भगभगीत लाइट द्या. अख्ख्या गावाला दिसला पाहिजे."

"बकेटसमोर कोण उभं असतं?" यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? पाइप टाकणारी माणसं."

"मग त्यांना आंधळं करायचंय का तुला? चल, मागे ये."

ही यांची रीतच आहे. लाइट चालवणाऱ्याला विचारून नाही, समोर उभ्या राहणाऱ्याला बघून निवडायचा. गिऱ्हाइकाला मागच्या शेडमध्ये नेतात, शटर ओढून अंधार करतात, लाइट लावतात आणि म्हणतात, "उभे राहा समोर." मग हे लाइटकडे बघतच नाहीत, त्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. डोळे मिचकावले, कपाळाला आठी पडली, की तो लाइट परत खोक्यात. जवळच्या कामाला पसरट उजेड, लांबचं बघायला झोत. धुळीत पांढराफट्ट नको, स्वल्प पिवळसर बरा. बॅटरी बारा व्होल्टची की चोवीसची. सगळं कसं घडाघडा बोलतात. माझ्याशी नाही, गिऱ्हाइकाशी!

भव्या आमची एकुलती एक. शाळेतून आली की त्या शेडमध्ये समोर उभी राहायची ती तीच. "अण्णा, हा टोचतो." "अण्णा, हा बरा आहे." तिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून यांनी अर्ध्या दुकानाचा माल निवडला. पुढे ती सिव्हिल इंजिनियर झाली आणि हिमाचलात रेल्वेच्या बोगद्यावर नोकरीला गेली. निघाली त्या दिवशी मी रडून घर डोक्यावर घेतलं. हे काय म्हणाले? "स्वेटर घेतलास?" संपलं. तेव्हापासून संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी शेडमध्ये एक लाइट लावतात आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसतात. मी विचारलं तर म्हणतात, टेस्टिंग चाललंय. मला काय कळत नाही होय?

दोन उगादी, म्हणजे दोन पाडव्याचे सण, तिच्याविना गेले. घरात ओबट्टू, म्हणजे पुरणपोळी, केली तरी घास उतरत नाही. मी आपली फोनवर सरळ विचारते, "कधी येतेस गं? जीव टांगणीला लागलाय माझा." ती म्हणते, "सुट्टी मिळत नाही अम्मा, बघते." हे शेजारी बसून पेपर चाळतात. फोन पुढे केला, की "बरी आहेस ना? सरी," आणि फोन परत माझ्या हातात. अय्यो! एवढं तर हे भाजीवाल्याशीही बोलतात!

यंदा उगादी जवळ आली होती, तेव्हा तिचा फोन आला. माझ्या नाही, यांच्या फोनवर.

"अण्णा, आमच्या लोडरचे लाइट समोरच्या माणसांच्या डोळ्यांत जातात. आणि ते लावले की वॉकीटॉकीत नुसती खरखर. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही."

यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "स्वस्तातला माल घेतलाय कुणीतरी. चोवीस व्होल्ट ना? वरून पाणी ठिबकतं? गाडी धुताना जोराचा फवारा मारतात? माणसं किती लांब उभी असतात?" केवढा तरी वेळ बाप-लेक बोलत बसली. मी डोशाचं पीठ वाटता वाटता कान देऊन ऐकत होते. एकदा तरी "जेवतेस का वेळेवर"? ब्र नाही! लाइट, लाइट आणि लाइट. मला राग आला आणि हसूही आलं.

चार लाइट निघाले. खोक्यात मी ओबट्टू ठेवायला गेले तर खेकसले, "तूप लागेल त्यांना." नंतर बघते तर कोपऱ्यात कोडबळ्यांची, आपल्या कडबोळ्यांची, पुडी. यांनीच गपचूप कोंबलेली.

लाइट पोचले, बसले, आणि एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. बोगद्यात दुपार काय नि सकाळ काय, काळोखच. ती लोडर दाखवायला लागली.

"लाइट नको दाखवू," हे म्हणाले. "तू उभी राहा समोर."

तिथल्या कुणीतरी फोन धरला. ती उजेडात येऊन उभी राहिली. पायात चिखलाचे बूट, डोक्यावर हेल्मेट. किती वाळली होती माझी पोर!

"हेल्मेट काढ."

"इथे काढता येत नाही, अण्णा."

"मग स्वल्प मागे सरकव. हां. आता एक पाऊल पुढे ये. डावीकडे. अजून थोडी पुढे."

मला लाइटमधलं फार कळत नाही. पण उजेड पहिल्यापासूनच ठीक पडला होता, एवढं मलाही दिसत होतं. कपाळाला आठी नाही, डोळे स्वच्छ उघडे. हे उगाच तिला पुढे-मागे करत होते.

"जमलाय ना, अण्णा?"

आता सांगते, एवढ्या संसारात या माणसाने स्वतः निवडलेल्या लाइटला कधी नाव ठेवलेलं नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, तर "तुम्हीच वाकडा बसवलाय" म्हणून त्यालाच झापतात. ते म्हणाले, "नाही. चुकलं माझं. एक लाइट बदलावा लागेल."

"बरं. कुरियर करते."

"कुरियरने नको. फुटेल."

फुटेल! त्या लाइटवरून ट्रॅक्टर गेला तरी त्याला ओरखडा यायचा नाही.

"तूच घेऊन ये," हे म्हणाले. "शेडमध्ये समोर उभी राहिलीस म्हणजे मला नीट निवडता येईल."

मघापासून स्वच्छ उघडे असलेले तिचे डोळे आता मिचकावायला लागले. तिने बाहीने तोंड पुसलं.

"कोणता काढून आणू, अण्णा?"

"कोणताही," हे म्हणाले.