दुसऱ्या गाडीची काच

आमच्या घरात मोटर आली ती मामाजींच्या निवृत्तीच्या पैशातून. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांचा जन्म गेला होता, आणि आपण सांगितलं की लोखंड ऐकतं असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता. धरमपेठेतल्या एका वकिलाच्या मुलांनी बापामागे विकायला काढलेली जुनी विलायती गाडी त्यांनी घेतली. नागपुरातल्या आमच्या वस्तीतली ती पहिली मोटर. एक शेजारी हौसेनं नारळ घेऊन आले, तर मामाजींनी तो गाडीपुढे न फोडता स्वयंपाकघरात पाठवला आणि सगळ्यांना चटणी-भाकर खाऊ घातली. लिंबू-मिरचीचं तर नावच काढायचं नाही.

छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्यावर त्यांनी देवळीतले देव काढले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली आणि देवळीत मामाजींचा दाढीचा आरसा आला. मांजर आडवं गेलं, कोणी शिंकलं, पाल चुकचुकली, की ते मुद्दाम त्याच क्षणी घराबाहेर पडत. सासूबाईंनीही सगळं मनापासून सोडलं होतं, उपास, नवस, अंगारे. पण मी लग्न होऊन आले त्या वर्षी भाजी निवडताना त्या मला हळूच म्हणाल्या होत्या, "देव गेले बाई, पण भेव काही गेलं नाही. त्याले कुठं नेऊन टाकू?"

मी शाळेत विज्ञान शिकवायची, तेव्हा या बाबतीत माझं मत अर्थातच मामाजींच्या बाजूनं. नवरा गोंदियाला नोकरीला, शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा, त्यामुळे त्याचं मत कोणी विचारत नसे.

सत्तरच्या दशकातला तो एक मे महिना. मला सातवा महिना होता. त्याच्या आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं पहिलं मूल गेलं होतं. त्यामुळे या खेपेला सगळं घर माझ्याभोवती पाय न वाजवता चालत होतं. बाळंतपणाला माहेरी जायचं होतं, उमरेडच्या पुढच्या गावी, आणि एस.टी.चे धक्के नकोत म्हणून मामाजी स्वतः गाडीनं सोडणार होते. पोर नीट हाती यावं, एवढं एकच घरातल्या प्रत्येकाच्या मनात होतं. बोलत कोणी नव्हतं.

पहाटे निघायचं ठरलं, पण कार्ब्युरेटरनं मामाजींचं ऐकलं नाही. ते गाडीखालून बाहेर आले तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. गाडी दिवसभर अंगणात उन्हात उभी. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलं आहे त्याला सांगायला नको. पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. मी पिशवी घेऊन पायरीवर उभी, मामाजी हात धूत होते, आणि सासूबाईंना माझी कीव आली.

"माय वं, भट्टी झाली हे तर! पोरगी भाजून निघन," असं म्हणत त्यांनी रांजणातली गार पाण्याची बादली उचलली आणि समोरच्या काचेवर ओतली.

पापड मोडावा तसा आवाज झाला. काचेच्या खालच्या कोपऱ्यात कधीकाळी खडा लागून एक टवका उडाला होता. तिथून भेग निघाली आणि आमच्या डोळ्यांसमोर सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेली.

सासूबाई रिकामी बादली धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं. गर्भारशीच्या निघायच्या वेळी काच फुटली. त्यांच्या मनात काय चाललंय ते विचारायची गरज नव्हती. "आज नाही जायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

आता मामाजींचं भाषण होणार, हे मी धरून चालले. गरम काच, गार पाणी, आकुंचन, प्रसरण. हवं तर मीही चार वाक्यं जोडली असती. पण मामाजींनी भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नाहीच जायचं. समोरून ट्रकचा उजेड आला की या भेगेतून फाकून डोळ्यावर येते. रस्ता दिसत नाही. काच बदलल्याशिवाय गाडी निघणार नाही."

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. त्यांना घाबरायला एक रीतसर कारण मिळालं होतं, आणि त्या जरा सावरल्या.

दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरणीला दाखवायचं होतं. मी आणि मामाजी सायकल रिक्षानं गेलो आणि परत येताना कामठी रोडवरच्या मोटारीच्या काचांच्या दुकानात थांबलो. दुकानदारानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि मामाजींना काचेचं अर्थशास्त्र समजावायला घेतलं.

"बाबूजी, सपाट रहती तो मैं यहीं काट के दे देता," तो म्हणाला. गाडीची काच वाकाची होती, आणि वाकाची काच साच्यात होते. पैसे लागतात ते त्या वाकाचे. त्यात गाडी विलायती, म्हणजे नागपुरात कोणी ती ठेवत नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे असेल तर असेल. तिथून येणार लाकडी खोक्यात, गवतात बांधून. वाटेत फुटली तर नुकसान घेणाऱ्याचं. भोवतीचं रबर इथल्या उन्हानं वाळून गेलेलं, ते नवं घ्यावं लागेल, नाहीतर पावसाळ्यात पाणी मांडीवर. बसवायची मजुरी वेगळी. फार स्वस्तात हवं असेल तर सपाट काचेचे दोन तुकडे करून मध्ये पट्टी मारून देतो, पण मग गाडीकडे बघवणार नाही.

मामाजी भाव करण्यात वस्तीत प्रसिद्ध होते. मेथीच्या जुडीसाठी ते बाजाराला दोन फेऱ्या घालत. इथे तर त्यांना रानच मोकळं मिळालं. "खोक्याचे पैसे कायले? खोकं मी वापस देतो न! अन् गवत? गवत काय मुंबईतच उगवते?" दुकानदारही काही कमी नव्हता. मला दोघांची मजा वाटत होती.

शेवटी दुकानदार म्हणाला, एक रस्ता आहे. आत जाऊन त्यानं गोणपाटात गुंडाळलेली एक काच आणली. याच बनावटीच्या गाडीची, वापरलेली. नव्याच्या अर्ध्याहून कमी दरात, आणि आजच्या आज.

मामाजींचा चेहरा खुलला. त्यांनी रुमालानं काच पुसली, उजेडात धरली, कडेवरून नख फिरवलं. एक ओरखडा नव्हता. त्यांनी खिशात हात घातला आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं, "गाडी कोणाची होती?"

"घाट में पलट गई थी, बाबूजी. मगर काच देखो, कुछ नहीं हुआ."

"अन् आतले लोक?"

दुकानदारानं काचेखालचं गोणपाट सारखं केलं. मग म्हणाला, "फॅमिली थी."

मामाजींनी रुमालाची घडी घातली. "नवी मागवा," ते म्हणाले.

मी उन्हानं आणि भुकेनं वैतागले होते. आणखी आठ-दहा दिवस थांबायचं, दुप्पट पैसे द्यायचे, आणि कशासाठी? "मामाजी, काच तर काचच असते न," मी म्हटलं.

"वाक बरोबर नाही हिचा."

"वाक तो एकदम वही है!" दुकानदार कळवळून म्हणाला. मामाजींनी त्यानं सांगितलेली आगाऊ रक्कम मोजून दिली. खोक्याचे पैसे दिले, गवताचेही दिले. मामाजींना असं घासाघीस न करता पैसे देताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "जुनी एक होती, पण वाक जमला नाही." सासूबाई म्हणाल्या, "जुनी कायले? लागतील ते पैसे लागू द्या." मी पाणी प्यायला आत गेले.

काच आली, तीही धड आली. दुकानाची दोन माणसं अंगणात येऊन बसवून गेली. नव्या रबराच्या खाचेत त्यांनी सुतळी भरली, साबणाचं पाणी लावलं, मग एकानं बाहेरून काच दाबून धरली आणि दुसरा आत बसून हळूहळू सुतळी ओढत गेला, तसं रबर पत्र्यावर बसत गेलं. सगळी वस्ती बघायला जमली होती. सासूबाई मात्र काम होईपर्यंत घरातून बाहेर आल्या नाहीत. पुन्हा आपली नजर नको म्हणून, असं त्यांनी मला सांगितलं आणि मामाजींना सांगू नको म्हणून बजावलं.

या खेपेला आम्ही खरंच पहाटे निघालो. मी मामाजींच्या शेजारी, सासूबाई मागे लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. शहर मागे पडलं, शेतं लागली, हवा गार होती. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की मला चिडवायची लहर येते.

"मामाजी," मी म्हटलं, "खरं सांगा. वाक बरोबर होता. दुकानात तुम्ही भ्यायले होते."

सासूबाई मागे बसल्या आहेत हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

"मी कायले भिऊ?" मामाजी म्हणाले. "काच ते काच. मी मानत नाही." मग आवाज खाली आणून, "त्या दिवशी काच तडकली न, तेव्हा हिनं काचेकडे पाह्यलं. मी तुह्याकडे पाह्यलं. तू दोन्ही हात पोटावर ठेवून मागं सरकली. तुले माहीतही नसन."

मला खरंच माहीत नव्हतं.

"मागच्या वर्षी पोर गेलं, तेव्हा मी तुह्या उशाशी बसून तुले शास्त्र सांगत होतो," ते म्हणाले. "शंभरातून इतक्यांचं होते, यात कोणाचा दोष नाही, तू शिकलेली हायेस. बरोबरच सांगत होतो मी. पण तू रडली नाहीस. मी बोलून राहिलो होतो, म्हणून रडली नाहीस. मंग दुकानात मले वाटलं, आता सहा तास या पोरीले त्या काचेमागं बसवायचं, अन् तिनं आपलं भेव बोलायचं नाही, कारण मले ते चालत नाही. तसं नको मले."

सहा तास काही लागणार नव्हते, तीनच लागणार होते, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि रडू फुटलं. थांबवायचा प्रयत्न केला तर ते आणखीच वाढलं. आदल्या वर्षीच्या त्या पोराचं मी कोणापाशी नावही काढलं नव्हतं. कुठं ठेवलं, कोणी नेलं, मुलगा होता की मुलगी, काही विचारलं नव्हतं.

मामाजींनी एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. या वेळी त्यांनी एकही शब्द सांगितला नाही. मागच्या सीटवरून सासूबाईंचा हात आला आणि माझ्या डोक्यावर थांबला.

"मुलगी होती," सासूबाई म्हणाल्या. "मी घेतली होती मांडीवर. केस होते तिले."

आम्ही तिघंही तिथं बसून राहिलो. उन्हं वर येईपर्यंत कोणी निघायची घाई केली नाही.