माइकचं अडकलेलं बटण

तिला सगळे कवळीताई म्हणायचे, कारण ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या घडवायची, त्यात एकेक दात बसवायची आणि कुणाचं तरी बोळकं पुन्हा चावायला लागायचं. तिची कामाची जागा म्हणजे दवाखान्याच्या मागची लांबट खोली. टेबलावर, खिडकीच्या चौकटीवर, तिच्या भुवयांवरसुद्धा पांढरी धूळ. हात कामाचा, नजर बारीक, पण जिभेला हाड नव्हतं. माणूस दोन वाक्यं बोलला की त्याची नक्कल तिच्याकडे तयार. डॉक्टरांची, घरमालकाची, स्वतःच्या नवऱ्याचीही. नवरा मालट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर असायचा. परत आला की म्हणायचा, "मी नसलो तरी घरात माझाच आवाज असतो म्हणे!"

रेडिओचं वेड तिला एका डॉक्टरीणबाईंनी लावलं. हा गाण्यांचा रेडिओ नव्हे. यात ऐकताही येतं आणि बोलताही येतं, पण त्यासाठी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. कवळीताई पहिल्यांदा नापास झाली, चिडली, पुन्हा बसली आणि पास झाली. गच्चीवर तिने स्वतः तार ताणली. खाली पुढच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर सेट मांडला. माइकचं बटण दाबलं की आपण बोलायचं, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत समोरचा कितीही ओरडला तरी आपल्याला काही ऐकू येत नाही.

दर रविवारी सकाळी या रेडिओवर फक्त बायका जमायच्या. एक दूरच्या गावची परिचारिका हे मंडळ चालवायची. सगळ्या तिला सिस्टर म्हणायच्या. एकेकीला हाक मारायची, तिचं बोलणं झालं की पुढचीला. कुणी मधमाश्या पाळणारी, कुणी बसची वाहक, कुणी नुसती घर सांभाळणारी. एकमेकींचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, पण कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाचा गुडघा धरलाय, हे सगळ्यांना ठाऊक. कवळीताईचा नंबर लागला की हशा पिकायचा. तिलाही ते आवडायचं. आठवडाभर परक्यांच्या दातांकडे बघणाऱ्या बाईला इतक्या लांबून कुणीतरी ऐकतंय, हे काही थोडं नव्हतं.

या मंडळात एक मावशी होत्या, वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या फार हळू बोलायच्या. एखादा शब्द सापडायचा नाही, मग थांबायच्या, पुन्हा मागे जायच्या. आणि 'स' म्हणताना हवा निसटून शिट्टीसारखा आवाज यायचा. गोष्टही मोठी नसायची. खिडकीत आलेला पक्षी, चहात साखर कमी पडली, सुनेने पडदे बदलले. बाकीच्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. कवळीताई सर्वांत मोकळेपणाने म्हणायची, "वा मावशी, पुढे सांगा ना!" मावशींना ती आवडायची. आपलं बोलणं झालं की त्या विचारायच्या, "आमची ती हशवणारी आहे का आज?"

घरात मात्र कवळीताईने त्यांचं नाव 'शिट्टीमावशी' ठेवलं होतं. ऐकणारी एकच, तिची धाकटी जाऊ. जाऊ बेकरीत पाव भरायच्या कामाला होती आणि त्याच घरात राहायची. रविवारी पुढच्या खोलीत आठवड्याचे कपडे इस्त्री करायची. कवळीताईच्या नकला ऐकून तिची हसून पुरेवाट व्हायची.

त्या रविवारी मावशी नव्या पडद्यांबद्दल सांगत होत्या. रंग सांगायचा होता आणि रंगाचं नाव आठवत नव्हतं. कवळीताईने "सावकाश आठवा मावशी, आम्ही आहोत इथेच," असं गोड सांगितलं आणि माइक खुर्चीत टाकून उठली. माइक उशी आणि खुर्चीचा हात यांच्यामध्ये जाऊन बसला. बटण दाबलेलंच राहिलं.

"कवळी सैल आहे गं तिची," ती जावेला म्हणाली. "माझ्याकडे आली ना, एका दिवसात शिट्टी बंद करीन. ऐक हं." मान तिरकी करून, ओठ ओढून ती सुरू झाली. "आज शकाळी... शुनेने... काय बरं... शुनेने पडदे... शिश्श... शोनेरी नाही... शाखरेशारखे..." जाऊ इस्त्री बाजूला ठेवून पोट धरून हसायला लागली. मग कवळीताईला आणखी चेव आला. "आणि आपण म्हणायचं, पुढे सांगा मावशी! अगं, तिचा पडदा पुढच्या रविवारपर्यंत काही खाली पडत नाही!"

सेट मुका झालाय हे दोघींच्या ध्यानातच आलं नाही. हसू ओसरल्यावर जाऊ म्हणाली, "ताई, ते लाल कशाला पेटलंय?"

कवळीताईने वळून पाहिलं. बोलणं बाहेर जात असलं की पेटणारा दिवा होता तो. तिने उशी ओढली, बटण सुटलं. आधी नुसती खरखर. मग सिस्टरचा आवाज, अगदी दवाखान्यातला, "ताई, तुमचं बटण अडकलं होतं. सगळ्यांना ऐकू गेलंय. ओव्हर."

मग मावशी आल्या. "मी... निघते आज." एवढंच.

तेव्हा बटण दाबून दोन शब्द बोलायला हवे होते. कवळीताईने सेट बंद केला. जाऊ इस्त्रीची वायर उगाच गुंडाळत राहिली.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. तिने रागावून बोलावं असं कवळीताईला मनातून वाटत होतं. सिस्टर रागावली नाही. "असं कसं झालं ताई?" इतकंच तिने विचारलं. आणि कवळीताईच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मी नव्हते ती. माझी धाकटी जाऊ. तिला सवयच आहे, कुणाचीही टर उडवते. मी आत होते."

फोन ठेवून ती वळली तर दारात वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जाऊ उभी.

"माझं नाव सांगितलंत?"

"अगं, तुला कुठे ओळखतं तिथे कोणी..."

"म्हणून सांगितलंत होय," जाऊ म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली. त्यानंतर घरात 'साबण संपलाय', 'दार लावून घ्या' एवढंच बोलणं उरलं.

पुढच्या रविवारी कवळीताई सेट लावून नुसती ऐकत बसली. सिस्टरने मावशींना हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. खरखर. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बाकीच्या बायका हवापाण्याचं बोलून लवकर उरकायच्या. कुणी कवळीताईचं नाव काढत नव्हतं, तेच तिला जास्त लागत होतं. कामात लक्ष लागेना. मेण जास्त तापायचं, दात वाकडा बसायचा. कवळी तपासायला म्हणून एखादा म्हातारा समोर बसून "साठ, सत्तर, साखर" म्हणायला लागला की तिला तोंड कुठे लपवू असं व्हायचं. ट्रक घेऊन नवरा आला, चार दिवस राहिला, जाताना म्हणाला, "बरं नाही का तुला? एकदाही माझी नक्कल केली नाहीस." ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

शेवटी तिने सिस्टरला फोन करून मावशींचा पत्ता मागितला. आधी खरं सांगितलं, "ती जाऊ नव्हती. मीच होते." पलीकडून सिस्टर म्हणाली, "माहीत आहे ताई. तुमचा आवाज काय आम्ही आज ऐकतोय?" म्हणजे ते खोटंही सगळ्यांना कळलेलं होतं. कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं इतकंच.

सकाळी ती पिशवी भरायला लागली. ठसा घ्यायचा साचा, त्यात भरायची पावडर, वाटी. मावशींना चांगली घट्ट कवळी करून द्यायची, असं तिने मनात योजलं होतं. रिकाम्या हाताने माफी मागायची तिला हिंमत नव्हती.

"कुठे?" जावेने विचारलं.

"मावशींकडे."

जावेने पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबा, चपला घालते. नक्कल तुम्ही केलीत, पण हसणारी मीच होते ना."

बस रिकामीच होती. दोघी शेजारी बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मावशींचं घर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात सायकली, दारात ओले बूट. सुनेने दार उघडलं. कवळीताईने "नमस्कार" म्हणताच सुनेच्या चेहऱ्यावरून कळलं की तिने आवाज ओळखला. ती बाजूला झाली.

मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. पुढ्यात सेट, आणि सेटला टेकवून ठेवलेला दाढीचा लहान आरसा. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळल्यासारखी होती, तिकडचा ओठ हलतच नव्हता. कवळीताई पायरीवर ठेच लागल्यासारखी थांबली.

"बश," मावशी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून डोकावणारा साचा पाहिला. "हे काय आणलंश?"

"कवळी... म्हटलं नवी करून द्यावी. मी तेच काम करते ना."

मावशींनी तो ओठ बोटाने वर उचलला आणि दात दाखवले. "शगळे माझेच आहेत."

मावशींना मागेच अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, हे मग सुनेने सांगितलं. शब्द हरवले होते, ओठ उचलत नव्हता. रोज बोलत राहा, आरशात बघत बोला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घरात सगळे घाईत. मावशी वाक्य सुरू करायच्या आणि कुणीतरी ते पुरं करून निघून जायचं. "रेडिओवर मधे बोलताच येत नाही ना," सून म्हणाली, "म्हणून त्यांना तो आवडायचा. बटण सोडेपर्यंत पूर्ण ऐकावंच लागतं."

कवळीताईने पिशवी पायाशी सरकवली. "मावशी, मी फार वाईट वागले," ती म्हणाली. याच्यापुढचं बसमध्ये घोकलेलं एकही वाक्य आठवेना.

"नक्कल चांगली होती," मावशी सावकाश म्हणाल्या. "हिलाशुद्धा हशू आलं." सुनेने मान खाली घातली. "त्याचा राग नाही. पण तू म्हणायचीश, पुढे शांगा... ते खरं म्हणायचीश की... नाही?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कवळीताईने स्वतःलाही विचारला नव्हता. हो म्हणणं सोपं होतं. जाऊ तिच्याकडेच बघत होती.

"कधी कधी खरं," ती म्हणाली. "बहुतेक वेळा नाही."

मावशींनी मान हलवली. खिडकीच्या पडद्याची चुणी सरळ केली. "मला वाटायचं, एक तरी... खरंच ऐकते." मग सुनेला म्हणाल्या, "चहा कर."

चौघींनी चहा घेतला. मावशी जावेशी बेकरीबद्दल दोन शब्द बोलल्या. निघताना कवळीताई पाया पडायला वाकली, तर मावशींनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे, पण घेतले.

त्या रविवारी कवळीताई रेडिओवर आली आणि सगळ्यांसमोर बोलली. नक्कल माझी, नाव ठेवलं ते मी, जावेवर ढकललं तेही मीच. बोलताना आवाज इतका कापत होता की मधमाशीवालीला वाटलं, सेट बिघडलाय. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी 'जाऊ द्या हो' म्हटलं नाही. "ऐकलं. ओव्हर," सिस्टर म्हणाली आणि पुढचीला हाक मारली.

काही रविवारांनी मावशी परत आल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. पण आता त्या दोन वाक्यांत आटोपायच्या. तब्येत ठीक, इथे ऊन आहे, ओव्हर. कुणी "पुढे सांगा ना" म्हणायला धजावत नव्हतं. ते शब्द कवळीताईने सगळ्यांसाठीच नासवून टाकले होते.

जावेने त्या वर्षी परीक्षा दिली. पास होऊन आली तेव्हा कवळीताईने मिठी मारली. तिने मारू दिली. "माझ्या नावावर बोललात ना, आता माझं मीच बोलीन म्हटलं," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

जावेला रेडिओवर विनोद जमत नसे. ती नुसतं विचारायची. भट्टीची धग सोसत नाही, काय करू? पडदे धुतल्यावर आटले का हो? मावशी थांबत थांबत उत्तर द्यायच्या. मग उत्तरं लांबत गेली. एका रविवारी मावशींनी आपल्या आईच्या शिलाई मशीनची गोष्ट सुरू केली, ती दोन रविवार पुरली.

कवळीताई अशा वेळी मागे स्टुलावर बसून ऐकते. शेवटी माइक तिच्याकडे येतो, ती मावशींना नमस्कार सांगते. मावशी म्हणतात, "आवाज नीट येतोय तुझा. ओव्हर." त्याच्यापुढे काही नाही. ती धन्यवाद म्हणते, बटण सुटलंय ना ते अंगठ्याने चाचपून बघते आणि माइक जावेच्या हातात देते.