दुसरी चकती

पेशंटला हात लावण्याआधी मॅडम मनगटावरचं घड्याळ काढायच्या आणि न बघता माझ्यापुढे धरायच्या. मशीनजवळ धातू नको, हे कारण. पण घड्याळ उतरलं की त्यांना कसलीच घाई उरायची नाही. मग समोरच्याच्या हातांकडे बघत बसायच्या. तोंडाकडे नंतर. तुम्ही त्यांच्यासमोर बसला असतात तर तुम्हालाही हात पाठीमागे न्यावेसे वाटले असते. मला पहिले आठ दिवस वाटत होते.

त्या मुंबईच्या मेंदूशास्त्रज्ञ. श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीमागे त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. डोक्यावर एक चकती धरायची, तिच्यातून चुंबकाचे झटके मेंदूला द्यायचे आणि त्यानं हाताचे बिघाड सुधारतात का ते बघायचं, हा अभ्यास. मी दवाखान्यातली नर्स, दुपारनंतर त्यांच्याकडे. बायकांच्या कुड्या आणि बांगड्या उतरवून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत ठेवायच्या, कानात कापूस घालायचा, फॉर्म वाचून दाखवून सही घ्यायची, एवढं माझं काम.

फॉर्ममध्ये एक वाक्य होतं. निम्म्या लोकांना खऱ्या चकतीऐवजी तशीच दिसणारी, तसाच आवाज करणारी खोटी चकती लावली जाईल. मी ते प्रत्येकाला दोनदा वाचून दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली, आणि प्रत्येकाला वाटलं की खोटी ती शेजारणीला.

चकत्या दोन होत्या, एकीला लाल पट्टी, दुसरीला निळी. कोणाला कुठली लावायची ते मुंबईहून ठरून यायचं. खरी कुठली, हे मलाही सांगितलेलं नव्हतं आणि मॅडमनाही. पण मला डोळे आहेत. लाल चकतीच्या प्रत्येक टकटकीला पेशंटची भुवई उडायची. निळीला नुसता आवाज. मी तसं बोलायला गेले तेव्हा मॅडमनी मधेच थांबवलं.

“बघू. अजून काही बोलू नका, सिस्टर.”

हे त्यांचं नेहमीचं. चहात साखर कमी आहे म्हटलं तरी हेच उत्तर.

आमच्याकडे एक वहिनी यायच्या. तीस वर्षं सुपारी सोललेल्या. त्यांचा उजवा हात भाकरी थापायचा, वेणी घालायचा. पण सोलायची सुरी धरली की अंगठा तळव्यात शिरायचा आणि बोटं त्याच्यावर मिटायची. वाडीवाले त्यांना ढोंगी म्हणू लागले होते. मॅडमनी समजावलं, “बोटांत काही नाही. मेंदूत बोटांचा नकाशा असतो, त्यातल्या रेघा एकमेकींत शिरल्यात.”

“मंग पुसा नि परत काढा,” वहिनी म्हणाल्या.

वहिनींना निळी लागली. दहाव्या दिवशी त्यांनी खोलीतच सुरी काढली आणि आमच्यासमोर दोन सुपाऱ्या सोलल्या. अंगठा जागच्या जागी. मी टाळी वाजवली. मॅडम हसल्या नाहीत. त्या हाताकडे अशा बघत होत्या, जसं आपण भरल्या पातेल्याकडे बघतो, कोणी धक्का देऊ नये म्हणून.

“आता इंजेक्शन कशाला?” वहिनी जाताना मला म्हणाल्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हाताच्या इंजेक्शनची तारीख त्यांना सहा महिने थांबून मिळाली होती. “मशीननं हात दिला मला. मी न्हाय जायची.”

मी घरी जाऊन विचार केला. पंधरा दिवसांनी मशीन मुंबईला जाणार. मग या बाईचं काय? मला जे करायला हवं ते मी लगेच करते. माझा स्वभावच तसा आहे. दुसऱ्या दिवशी कुड्या उतरवताना मी सांगून टाकलं. “वहिनी, तुम्हाला लावतात ती चकती खोटी आहे. तारीख चुकवू नका.”

त्यांनी दुसरी कुडी स्वतःच उतरवून डब्यात टाकली. मशीन टकटकत राहिलं. नंतर त्यांनी सुरी हातात घेतली आणि अंगठा आमच्या डोळ्यांदेखत आत गेला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कबूल केलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहिनींचं नाव अभ्यासातून काढलं आणि पुढे आठ दिवस रोज लाल चकती लावली, सांगून, दाखवून. वहिनींची भुवई उडायची, अंगठाही उडायचा. बोटं मात्र सुरीवर मिटलेलीच.

“ही तरी खरी हाय कशावरून?” वहिनींनी विचारलं. त्यावर मॅडमनी मशीन बंद केलं.

त्या संध्याकाळी डबे धुताना त्यांनी मला विचारलं, “तुम्हाला निळीचं कधी कळलं होतं?”

“चौथ्या दिवशी.”

“मला तिसऱ्या. भुवई मलाही दिसते.”

“आणि गप्प राहिलात?”

“खरी कुठली ते मला कळलंय, असं मुंबईला कळवायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांचा हात चालत होता.” त्यांनी एक डबा दोनदा पुसला. “तारखेला मी स्वतःच नेणार होते त्यांना. इंजेक्शन हा मशीनचाच पुढचा भाग आहे, असं सांगून.”

“म्हणजे आणखी एक खोटं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “एवढंच उरलं होतं.”

तारखेच्या दिवशी सकाळी सहाला मॅडमची गाडी वहिनींच्या अंगणाबाहेर उभी होती. मीही गेले. दार उघडंच होतं. वहिनी ओटीवर सुपाऱ्यांच्या ढिगापुढे बसल्या होत्या, उजवा हात पदराखाली. मी हाक मारली.

“तिथं पण तसलंच खोटं देतील,” त्या म्हणाल्या. “तूच डोळे उघडलेस, बाय. आता झाकू कसे?”

मी गाडीजवळ परत आले. मॅडमनी काच खाली केली. सात वाजले, मग आठ. मुंबईची वेळ गाठायची तर साडेसहाला निघायला हवं होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. इंजिन बंदच होतं.

अभ्यास नंतर बंद झाला आणि मॅडम परत आल्या नाहीत. मला आठवते ती तीच सकाळ. गाडीत कुठलंच मशीन नव्हतं. तरी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, न बघता खिडकीतून माझ्यापुढे धरलं, आणि उघड्या दाराकडे बघत बसल्या.